अस्सल म्हणजे केव्हाचे?

कुर्ल्याला आमचे लेथचे दुकान होते. दोन लेथ, एक ड्रिल, भिंतीला लागून अब्बांचे टेबल आणि टेबलाच्या खणात वह्या. अब्बा मूळचे मिरजेचे. मुंबईला आले आणि खरादी झाले. आजूबाजूला सगळी गॅरेजची वस्ती. कुणाचा बुश सैल झाला, कुणाच्या शाफ्टला चर पडली, बाजारात न मिळणारा बोल्ट कुणाला हवा झाला, की माणूस अब्बांकडे येई. आलेले प्रत्येक काम अब्बा वहीत लिहीत. तारीख, गाडी, काय केले, किती घेतले. लिहिणे उर्दूत, आकडे इंग्रजीत.

१९८६ च्या पावसाळ्यानंतर एक शेट टेम्पोवर लादून एक गाडी घेऊन आले. एम.जी. कंपनीची 'टीडी'. दोन माणसांची, बिनछताची, लांब नाकाची, पाठीवर स्पेअर चाक उभे बांधलेली स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ ते १९५३ या काळात अशा तीस हजारांच्या आत-बाहेर गाड्या झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. चुकूनमाकून आपल्याकडे आलेल्यांपैकी ही एक. गाडी शेजारच्या गॅरेजात उभी राहिली आणि सुटे भाग करण्याचे काम अब्बांकडे आले. मी तेव्हा चौदा वर्षांचा. शाळा सुटली की दुकानात.

या गाडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. अ‍ॅश नावाच्या विलायती झाडाचे लाकूड. ते वाळवीने पोखरून टाकले होते. भिवंडीकडच्या एका सुताराने जुन्या तुकड्यांवरून मापे घेऊन सगळा सांगाडा सागवानात केला. बोल्टांची तर गंमतच होती. बोल्टाच्या डोक्याला पाना इंग्रजी मापाचा लागे आणि आटे मात्र मेट्रिक निघत. पुढे वाचनात आले की मॉरिस कंपनीने १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीचा इंजिन कारखाना विकत घेतला होता. तिथली यंत्रे मेट्रिक मापाची, म्हणून आटे तसेच राहिले. अब्बांना हा इतिहास ठाऊक नव्हता. 'डोकं इंग्रजाचं, आटे फ्रेंचाचे' एवढे म्हणून त्यांनी साठ-सत्तर बोल्ट हाताने तसेच्या तसे कातून दिले.

राहिले इंजिन. मूळ इंजिन केव्हाच गेले होते. कुणीतरी त्या जागी फियाटचे बसवून गाडी चालती ठेवली होती. शेटनी कुठूनतरी दुसऱ्या टीडीचे इंजिन पैदा केले. इंजिन त्याच जातीचे, त्याच वर्षांतले, फक्त नंबर वेगळा. या इंजिनाचा नंबर पितळेच्या एका छोट्या अष्टकोनी पट्टीवर ठोकलेला असतो आणि ती पट्टी इंजिनावर जडवलेली असते. बॉनेटखालच्या दुसऱ्या एका पाटीवर कारखान्याने चेसिसचा आणि इंजिनाचा असे दोन्ही नंबर लिहून ठेवलेले असतात. दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत. शेटना ते जुळवून हवे होते. पुढच्या हिवाळ्यात गाडी रॅलीत उतरवायची होती.

अब्बांनी पितळी पत्रा कापला, कानशीने आठ कोन काढले. जुन्या पट्टीवरचा सहाचा आकडा आमच्या पंचच्या सहापेक्षा किंचित पोटफुगा होता, म्हणून एक पंच मुद्दाम घासून तयार केला. मी दिवा धरला होता. आकडे ठोकून झाल्यावर पट्टी स्टोव्हच्या धुरावर धरली, जळक्या ऑइलने पुसली, पुन्हा धरली. तासाभरात ती पस्तीस वर्षांची झाली. काढलेली पट्टी अब्बांनी कागदात गुंडाळून खणात टाकली आणि वहीत नोंद केली.

गाडीला कप मिळाला. आम्ही बापलेक फुटपाथवर उभे राहून गाड्यांची रांग पाहत होतो. परीक्षकांनी बॉनेट उघडले, वाकून पट्टी पाहिली, कागदावर खूण केली. परतताना ट्रेनमध्ये मी विचारले, ''अब्बा, ते खोटं नव्हतं का?'' अब्बा थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, ''नंबर मी बनवला. खोटं शेट बोलले.''

त्या उत्तरापाशी मी चाळीस वर्षे अडलो आहे. ते बरोबर आहे की नाही, हे ठरवायचे तर आधी त्या गाड्यांच्या दुनियेत 'ओरिजिनल' कशाला म्हणतात ते पाहावे लागेल. हा शौक मुळात इंग्लंड-अमेरिकेतला. तिथे तो किती गंभीरपणे घेतात याची आपल्याला कल्पना नसते.

शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचेच घ्या. त्यात १९६३ चे मॉडेल लोकांच्या विशेष आवडीचे, कारण मागची काच मधोमध दुभागलेली अशी कूपे त्या एकाच वर्षी निघाली. अमेरिकेत कॉर्व्हेट रिस्टोअर करणाऱ्यांची एक राष्ट्रीय संस्था १९७४ पासून आहे. तिच्या परीक्षणात गाडी जणू तपासनिसाच्या टेबलावर येते. एकूण गुणांपैकी ९४ टक्के मिळाले तर वरचा दर्जा. इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर ओतल्याची तारीख सांकेतिक अक्षरांत असते, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी. स्टार्टरवर तारीख, काचेवर तारीख, कार्ब्युरेटरवर तारीख. या सगळ्या तारखा गाडी जोडल्याच्या दिवसाच्या आधीच्या हव्यात, पण फार आधीच्या नकोत. इंजिनाच्या पुढच्या भागावर एक सपाट जागा असते, तिथे गाडीच्या नंबराशी जुळणारे आकडे ठोकलेले असतात. लबाडी करणारे ती जागा घासून सपाट करतात आणि नवे आकडे ठोकतात. म्हणून जाणकार आकडे वाचण्याआधी आकड्यांखालचा पृष्ठभाग पाहतात. कारखान्यातल्या यंत्राने उमटवलेले बारीक समांतर ओरखडे तिथे आहेत की नाहीत? मग लबाडी करणारे ओरखडेही काढायला शिकले. तपासणाऱ्याची नजर आणि फसवणाऱ्याचा हात हे एकमेकांच्या शाळेत शिकत असतात.

गंमत अशी की गाडी फार चांगली केली तरीही तिथे गुण कापले जातात. सेंट लुईसच्या कारखान्यात रंग घाईने मारला जाई. त्यावर संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत पोत राही, फटी सारख्या नसत. आजचा शौकीन आरशासारखा रंग देतो, फटी मापात आणतो. परीक्षक म्हणतो, गाडी अशी कधी नव्हतीच. म्हणजे त्या पाळीवर कंटाळलेल्या कामगाराने जी हयगय केली, तीही आता तशीच्या तशी पुन्हा करून दाखवायची! मला या नियमाचे हसू येते आणि त्याच वेळी त्याबद्दल आदरही वाटतो. हसू अशासाठी, की मूळ कामगाराने बेफिकिरीने केलेली चूक हा माणूस महिनाभर घाम गाळून करतो. आदर अशासाठी, की इथे सुंदर आणि खरे यांतले काय हवे ते संस्थेने स्पष्ट सांगून टाकले आहे.

पण या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. गाडी ज्या क्षणी कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली, तो क्षण म्हणजे खरी गाडी. त्यानंतर जे घडले ते सगळे बिघाड. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, डागडुजी आणि जीर्णोद्धार. डागडुजी करणारा वस्तूला पुढच्या दिवसापर्यंत नेतो. जीर्णोद्धार करणारा तिला मागे, तिच्या पहिल्या दिवसाकडे नेतो. प्रदर्शनातल्या गाडीला पहिला दिवस हवा असतो. तोच दिवस का, याचे उत्तर मात्र कुणी देत नाही.

हा प्रश्न एकदा लंडनच्या हायकोर्टापुढे गेला होता. बेंटली कंपनीच्या 'स्पीड सिक्स' जातीची एक रेसिंग कार, तिला सगळे 'ओल्ड नंबर वन' म्हणत. फ्रान्समधल्या ल माँची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ साली जिंकली, वूल्फ बर्नाटो आणि टिम बर्किन चालक होते. १९३० साली पुन्हा जिंकली, बर्नाटोबरोबर ग्लेन किडस्टन. मग १९३२ साली ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत क्लाइव्ह डन्फी ती चालवत असताना गाडी उतरत्या वळणाच्या कडेवरून बाहेर गेली आणि डन्फी मरण पावला. तोवर तिच्यात आठ लिटरचे वेगळेच इंजिन बसले होते. अपघातानंतर ती पुन्हा बांधली गेली, कूपे झाली, नंतर कित्येक हात फिरली. १९९० साली ती विकत घेण्याचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला. मग खरेदीदार कंपनीने पैसे द्यायला नकार दिला. त्यांचे म्हणणे, ही ती गाडीच नव्हे.

न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर गाडीचा एकेक भाग मोजला गेला. १९२९ सालच्या गाडीतले, काळ ठरवता न येणारी काही किरकोळ जोडणी सोडली, तर काहीच उरले नव्हते. १९३० सालच्या गाडीतले काय उरले होते? पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टीअरिंगचा खांब. तीन वस्तू! १९३२ च्या अपघातातून वाचलेले चेसिस आणि इंजिन तेवढे बरेचसे तसेच होते. इतके मान्य करूनही न्यायमूर्तींनी निकाल मालकाच्या बाजूने दिला. त्यांचा विचार असा: ही शर्यतीची गाडी होती, शर्यतीची गाडी बदलतच जाते, आणि त्या बदलत्या काळातही तिला सगळे याच नावाने ओळखत होते. ती कधी भंगारात गेली नाही, तिचा धागा कधी तुटला नाही, आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही. शुद्ध अर्थाने ती मूळ गाडी नसेल, पण ती ओल्ड नंबर वनच आहे. खरेदीदाराला सौदा पाळावा लागला.

तत्त्वज्ञानाची पुस्तके उघडली की थीसियसच्या जहाजाची गोष्ट भेटते. अथेन्सचे लोक जहाजाच्या कुजलेल्या फळ्या बदलत गेले, शेवटी एकही जुनी फळी उरली नाही, मग जहाज तेच का? प्लुटार्कने ती नोंदवली आणि सतराव्या शतकात इंग्रज विचारवंत हॉब्ज याने तिला आणखी एक पेच घातला: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी साठवून त्यांचेच दुसरे जहाज बांधले, तर मग खरे कोणते? हा निव्वळ बुद्धीचा खेळ वाटतो, पण जुन्या रेसिंग गाड्यांच्या बाजारात हे खरोखर घडते. एकाची चेसिस, दुसऱ्याकडे टाकून दिलेले इंजिन, आणि दोघेही एकच नंबर सांगतात.

ऑटन यांचा निकाल मला पटतो, पण पुरता नाही. ओळख धाग्यावर टिकते, हे खरे. माणसाचेही तसेच. चौदा वर्षांचा तो दिवा धरणारा पोरगा आणि आज चष्मा शोधणारा मी, यांच्यात काय सारखे उरले आहे? तरी आम्ही एकच आहोत. पण एक कोटी पौंड देणारा माणूस निव्वळ धाग्याला पैसे देत नाही, स्पर्शाला देतो. आजोबांची काठी आपण जपून ठेवतो ती त्यांचा हात त्या लाकडाला लागला म्हणून. सुताराने काठी बदलली, मग मूठ बदलली, आणि सांगितले की परंपरा अखंड आहे, तर आपण मान हलवू, पण ती काठी उशाशी ठेवणार नाही. गाडीत दोन्ही असते, धागाही आणि स्पर्शही. विकणाऱ्याने किंवा दाखवणाऱ्याने आपण यातले काय देतो आहोत ते सांगायला हवे. मालातला ऐब विकणाऱ्याने आधी सांगायचा असतो, हे आमच्या घरात सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेले. अब्बांनीही.

जग्वार कंपनीची एक हकीगत इथे उपयोगी पडते. १९६३ साली कंपनीने ई-टाइप या गाडीच्या हलक्या, अ‍ॅल्युमिनियमच्या रेसिंग आवृत्तीच्या अठरा गाड्यांसाठी चेसिस नंबर राखून ठेवले आणि प्रत्यक्षात बाराच बांधल्या. सहा नंबर कागदावर पडून राहिले. पन्नास वर्षांनी, २०१४ साली, कंपनीने जाहीर केले की उरलेल्या सहा गाड्या आम्ही आता बांधतो, तेच नंबर देऊन. प्रत्येक भाग नवा, नंबर जुना. काही जाणकारांनी नाके मुरडली, पण फसवणूक झाली असे म्हणता येत नाही, कारण घेणाऱ्याला माहीत होते आणि जगालाही. उलट कारखान्यानेच नंबर मोडल्याचीही उदाहरणे आहेत. इंग्लंडमध्ये बी.एम.सी. या कंपनीची 'गोल्ड सील' नावाची योजना होती: थकलेले इंजिन द्या आणि कंपनीने दुरुस्त केलेले दुसरे घेऊन जा. त्या काळी इंजिनाचा नंबर जुळत नाही म्हणून कुणाची झोप उडत नव्हती. गाडी चालली पाहिजे, एवढेच. आजचा शौकीन अशी गाडी पाहतो आणि हळहळतो.

मग अब्बांच्या पट्टीत आणि जग्वारच्या नंबरात फरक काय? दोघांनी जुना नंबर नव्या धातूवर ठोकला. पुष्कळ दिवस मला हा फरक मोठ्यांचा आणि छोट्यांचा वाटे. कंपनीने केले की 'परंपरा', कुर्ल्यातल्या खराद्याने केले की 'डुप्लिकेट'. यात काही तथ्य आहेच. पण सगळे नाही. एक दिवस जुने बोल्ट चाळताना माझ्या ध्यानात आले. अब्बांनी केलेला बोल्ट कुणी केला हे कळले, तरी बोल्ट धरून राहतो. सुताराचे सागवान कुठले ते कळले, तरी त्यावर पत्रा बसतो. पट्टी कुणी केली हे कळले, की पट्टीचे काम त्याच क्षणी संपते. तिला दुसरे कामच नाही. न कळणे हेच तिचे काम. म्हणून अब्बांचे ट्रेनमधले उत्तर मला आता मान्य नाही. बोल्टाच्या बाबतीत ते खरे ठरले असते. पट्टीवर धूर धरला, त्या वेळी अब्बाही त्या खोट्यात होते. आणि दिवा मी धरला होता.

हे लिहिणे सोपे नाही. माझा धाकटा भाऊ म्हणतो, ''मेलेल्या बापाची वही कशाला उघडतोस?'' त्याचा राग मला समजतो. कारण या शौकाच्या इतिहासात अब्बांसारख्या माणसांचे नाव कुठेच येत नाही. आले तर ते असे यावे?

आपल्याकडे जुन्या गाड्या टिकल्या कशा, ते आठवा. परदेशी भाग आणणे जवळजवळ अशक्य, आणलाच तर जकात कंबर मोडणारी. पेट्रोल महागले तेव्हा मोठमोठ्या गाड्यांत डिझेल इंजिने बसली. जे मिळाले नाही ते लेथवर झाले. त्या हातांनी डागडुजी केली नसती, तर आज जीर्णोद्धाराला काही उरलेच नसते. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचा नियम काढला, नंबरात 'व्ही ए' ही अक्षरे देणारा. चांगला नियम. पण त्यात अट अशी की वाहन मूळ रूपात हवे, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. अट समजण्यासारखी आहे. तरी ती वाचताना मला वाटले, पहिला मालक आणि आजचा मालक यांच्या मधली सगळी माणसे या व्याख्येने पुसून टाकली. फियाटचे इंजिन बसवणाऱ्या अनाम मेकॅनिकने ती टीडी जिवंत ठेवली. कागदावर तो गाडी बिघडवणारा.

मिरजेला आमच्या नात्यात वाद्ये करणाऱ्यांच्या घरी जाणे-येणे होते. तंबोऱ्याचा भोपळा फुटला की पंढरपूरकडचा दुसरा भोपळा येई, तारा तर नेहमीच बदलत. गवई कधी विचारत नसे की भोपळा मूळचा का? तो तार छेडून कान देई. तिथे परीक्षा कानाची, म्हणून खोटे बोलायला जागा कमी. प्रदर्शनातली गाडी चालवायची नसते, दाखवायची असते. जी वस्तू आपल्या कामावरून ओळखली जात नाही, तिला कागद आणि पट्ट्या लागतात, आणि जिथे पट्ट्या लागतात तिथे पट्ट्या करणारा मिळतोच.

वारे थोडे बदलते आहे, हेही सांगितले पाहिजे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तुरिन सनद स्वीकारली. तिचे धोरण असे, की शक्य तितके जपा, कमीत कमी बदला, आणि जो भाग नवा घातला त्यावर कायमची खूण करा, म्हणजे पुढच्याला कळेल. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचचे प्रदर्शन १९५० पासून चालू आहे, चकचकीत गाड्यांचा तो मोठा मान. तिथे २०२४ साली पहिल्यांदाच सर्वश्रेष्ठ म्हणून एक न सजवलेली, जपलेली गाडी निवडली गेली, १९३४ ची बुगाटी टाइप ५९. बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे ती गेली तेव्हाचा काळा रंग तिच्यावर अजून आहे, जागोजागी विटलेला. आता भीती एवढीच, की विटलेला रंगही लोक स्टोव्हवर धरून करू लागतील. गुणपत्रिका जोवर कबूल केलेल्या नव्या भागाचे गुण कापते आणि न पकडलेल्याला पूर्ण गुण देते, तोवर तसे होणारच.

गेल्या वर्षी एका गृहस्थांचा फोन आला. वय तिशीचे, पुण्याचे. त्यांच्या वडिलांनी ती टीडी शेटच्या घरून विकत घेतली होती, आता ती त्यांच्याकडे. गॅरेजातल्या कुणा जुन्या माणसाने आमचे नाव सांगितले. त्यांनी विचारले, ''काका, इंजिन मूळचं आहे ना? नंबर तर जुळतोय.''

मी म्हटले, उद्या फोन करतो. रात्रभर विचार केला. हो म्हटले असते तर कुणाचे काही बिघडत नव्हते. अब्बांचे नाव राहिले असते, त्यांच्या गाडीची किंमत राहिली असती. नाही म्हणायचे तर पूर्ण सांगावे लागणार. सकाळी मी त्यांना घरी या म्हटले.

ते आले. मी टेबलावर वही ठेवली आणि तीत कागदात गुंडाळलेली ती मूळ पट्टी. उर्दू मला वाचून दाखवावी लागली. तारीख, टीडी, बोल्ट इतके, बुश इतके, पट्टी एक. पुढे दोन आकडे: काढलेला नंबर आणि ठोकलेला नंबर. शेवटी रक्कम. पट्टीपुढे रकमेचा रकाना मोकळा होता. पैसे घेतले नव्हते की लिहिले नव्हते, मला ठाऊक नाही.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ''आणि लाकूड?'' मी म्हटले, सागवान आहे, भिवंडीच्या सुताराचं. बोल्ट आमच्याकडचे. ते म्हणाले, पुढच्या प्रदर्शनात गाडीपुढे माहितीची पाटी लावावी लागते, ती तुम्हीच सांगा, मी लिहितो. आम्ही लिहायला बसलो. बॉडीचा सांगाडा: सागवान, १९८६. बोल्ट व बुश: कुर्ला, हाताने केलेले. इंजिन: त्याच जातीचे, दुसऱ्या गाडीचे, मूळ क्रमांक अमुक. त्यांनी विचारले, बोल्टांपुढे तुमच्या वडिलांचं नाव घालू? मी म्हटले, घाला. ते थांबले. ''आणि नंबराच्या पट्टीपुढे?''

''तिथेही घाला,'' मी म्हटले.

त्यांनी लिहिले. मग पाटी वाचून म्हणाले, ''काका, याने कप मिळायचा नाही.'' मी म्हटले, नाही मिळणार. त्यांनी वहीच्या पानाचा फोटो काढला, जुनी पट्टी पुन्हा कागदात गुंडाळून खिशात ठेवली आणि चहा घेऊन पुण्याची गाडी पकडायला निघाले.